हवामानाचे निर्देशांक: तयार मालिका घ्यायच्या की सगळे एकाच रीतीने स्वतः काढायचे?

ढगवेडी

नमस्कार. प्रश्न जरा लांब आहे. तुकड्यातुकड्याने विचारला तर उत्तरंही तशीच येतील, म्हणून सगळं एकदमच लिहिते.

सीएमआयपी-६ (जगभरच्या हवामान मॉडेल्सची तुलना करणारा प्रकल्प) मधल्या काही मॉडेल्सचे ऐतिहासिक रन (होऊन गेलेल्या काळाची मॉडेलने केलेली नक्कल) घेऊन त्यांच्यात समुद्र आणि वातावरणाचे मोठे झोके कितपत खरे उतरतात, हे मला पाहायचंय. निर्देशांक पाच: निनो ३.४ (एल निनोचा), पीडीओ (उत्तर पॅसिफिकच्या तापमानाचा), एएमओ (उत्तर अटलांटिकच्या तापमानाचा), एनएओ (उत्तर अटलांटिकवरच्या हवेच्या दाबाचा) आणि हिंदी महासागराचा डीएमआय (पश्चिम आणि पूर्व भागांतल्या तापमानाच्या फरकाचा). काळ १९०० ते २०१४. मॉडेलच्या बाजूला तयार काही नसतं, त्या मालिका मीच काढणार. निरीक्षणांच्या बाजूला मात्र सगळं तयार मिळतं, फाइल उतरवायची आणि कामाला लागायचं. तसं करण्याआधी कुठली मालिका कशी काढलीय ते वाचायला बसले आणि तिथेच अडकले.

नुसता एनएओ घ्या. एक मालिका लिस्बन आणि आइसलँड इथल्या दाबांच्या फरकावरून, १८६४ पासूनची. दुसरी जिब्राल्टर आणि आइसलँडवरून, १८२१ पासूनची. तिसरी म्हणजे अटलांटिकवरच्या समुद्रसपाटीच्या दाबाचा पहिला ईओएफ (बदलाचा सर्वात मोठा वाटा दाखवणारी, गणिताने काढलेली आकृती). चौथी अमेरिकेच्या सीपीसी या हवामान अंदाज केंद्राची. ती तर समुद्रसपाटीच्या दाबावरून नाहीच, ५०० हेक्टोपास्कल पातळीच्या उंचीवरून आणि रोटेट केलेल्या ईओएफने काढलेली. नाव चौघींचं एकच. हिवाळ्यात बऱ्यापैकी जोडीने चालतात, उन्हाळ्यात फाकतात.

एएमओचं त्याहून अवघड. एनफिल्ड आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या रीतीत उत्तर अटलांटिकच्या तापमानाची सरासरी घेऊन सरळ रेषेचा ट्रेंड काढून टाकतात. ट्रेनबर्थ आणि शी यांच्या २००६ च्या रीतीत त्या सरासरीतून जगभरच्या समुद्राची सरासरी वजा करतात. ईआरएसएसटीवर (समुद्राच्या पृष्ठतापमानाचा एक डेटासेट) मी दोन्ही चालवून पाहिल्या. शेवटच्या दशकांत पहिली रेघ वर झेपावते, दुसरी तिच्या बरीच खाली राहते.

तर विचारायचं ते असं. निरीक्षणांसाठी नावाजलेल्या संस्थांच्या मालिका घ्याव्यात (परीक्षक निदान त्यांना ओळखतात), की निरीक्षणांचे निर्देशांकही मॉडेलच्याच कोडमधून काढावेत? स्वतः काढले तर बेस पिरियड (ज्या काळाची सरासरी वजा करायची तो) कुठला? ट्रेंडचं काय करायचं? आणि तीव्र हवामानाच्या घटनांसाठी ईटीसीसीडीआय या तज्ज्ञगटाचे २७ निर्देशांक कसे व्याख्येसकट ठरलेले आहेत, तसं या झोक्यांसाठी कुणी ठरवलेलंच नाही का?

---

समदाब

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नाही, तसं सर्वमान्य काही नाही. कारण सरळ आहे. "वर्षातले सर्वात सलग कोरडे दिवस" ही मोजायची गोष्ट आहे. एक मिलिमीटरची रेघ ठरवली की पुढे वाद उरत नाही. पीडीओ मोजायची गोष्ट नाही. उत्तर पॅसिफिकच्या तापमानातून एक आकृती निवडायची आणि ती आकृती या महिन्यात किती जोरात उमटली ते सांगायचं, एवढाच तो आकडा. आकृती कशी निवडली यावर आकडा ठरतो. म्हणून माझा हट्ट असतो की निर्देशांकाचं नाव लिहिलं की त्याची कृतीही लगेच लिहायची. नुसतं "पीडीओ वापरला" म्हणणाऱ्या लेखावर मी पहिला शेरा तोच मारतो.

एल निनोसारख्या घासूनपुसून झालेल्या प्रकारातसुद्धा एकमत नाही. सीपीसीचा ओएनआय हा एल निनोचा निर्देशांक म्हणजे निनो ३.४ पेटीतली (समुद्राच्या ठरावीक चौकोनातली) ॲनोमली, म्हणजे तापमानाचा सरासरीपासूनचा फरक (५ उत्तर ते ५ दक्षिण, १७० ते १२० पश्चिम), तीन महिन्यांची सरकती सरासरी, ०.५ अंशाची रेघ, आणि एकात एक गुंतलेले सलग पाच त्रैमासिक. जपानची हवामानसंस्था पेटीच वेगळी घेते, निनो ३ म्हणजे १५० ते ९० पश्चिम. सरकती सरासरी पाच महिन्यांची आणि अट सलग सहा महिन्यांची. ऑस्ट्रेलियाने कितीतरी वर्षं रेघ ०.८ वर ठेवली होती. पेरूवाल्यांना त्यांच्या किनाऱ्याची काळजी, ते निनो १+२ बघतात, आणि २०१७ मध्ये त्यांच्या किनाऱ्याला पाणी चांगलंच तापलेलं असताना निनो ३.४ जवळपास सामान्य होता. यातलं कुणीही चुकीचं नाही. प्रत्येकाला वेगळ्या प्रश्नाचं उत्तर हवं आहे.

तुमचा प्रश्न "मॉडेल निरीक्षणांसारखं वागतं का" हा आहे. त्यात दोन्ही बाजूंना एकच कृती, एकच काळ, एकच ग्रिड आणि एकच कोड असला पाहिजे, याला पर्याय नाही. डाव्या पारड्यात एका तराजूचं वजन आणि उजव्यात दुसऱ्याचं, असं करून उरलेला फरक मॉडेलच्या नावावर टाकता येत नाही. एनसीएआर या अमेरिकी संशोधनसंस्थेत फिलिप्स, डेसर आणि फासुलो यांनी सीव्हीडीपी नावाचं पॅकेज याच कारणाने केलं. निरीक्षणं असोत की मॉडेल, त्यात सगळे झोके त्याच पायऱ्यांनी निघतात. ते जसंच्या तसं वापरा असं नाही म्हणत. त्याच्या पायऱ्या वाचा आणि कुठे वेगळं जायचं ते कारण देऊन जा.

मग छापील मालिका टाकून द्यायच्या का? नाही. त्यांचा तुमच्या कामात एकच उपयोग: तुमचा कोड तपासणं. मँटुआंनी १९९७ मध्ये जो पीडीओ काढला त्याची कृती बघा. २० अंश उत्तरेच्या वरचा पॅसिफिक, मासिक ॲनोमली, त्यातून जगाची सरासरी वजा, आकृती १९०० ते १९९३ या काळावरून. हीच कृती तुमच्या कोडला द्या आणि छापील मालिकेच्या शेजारी ठेवा. रेघा जुळत असतील तर कोड भरवशाचा. मग त्याच कोडला तुमची कृती द्या, आणि लेखात छापा ते तुमच्या कृतीचे आकडे.

आता तपशील, कारण सगळी गोची तिथेच होते.

बेस पिरियड. १९८१–२०१० ऐवजी १९९१–२०२० घेतला की मालिका नुसती वरखाली सरकते असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात जानेवारीला एक आकडा वजा होतो, फेब्रुवारीला दुसरा, असे बारा वेगवेगळे स्थिरांक असतात. समुद्र सगळ्या महिन्यांत सारखा तापलेला नसल्यामुळे मालिकेत वार्षिक चक्राचा बारीकसा अंश परत शिरतो. ओएनआय तर बेस पिरियडच सरकवत नेतो: १९५० ते १९५५ साठी १९३६–१९६५, पुढच्या पाच वर्षांसाठी १९४१–१९७०, असं. एल निनोची घटना ओळखायला हे उत्तम, कारण तापमानवाढ आपोआप वजा होत राहते. पण त्यामुळे अलीकडचे आकडे कायमचे नसतात. पुढचा बेस आला की बदलतात, आणि काठावरचं एखादं वर्ष रेघेच्या अल्याडचं पल्याड जातं. तुम्ही १९०० ते २०१४ घेताय ना? सरळ एक स्थिर बेस घ्या, दोन्ही बाजूंना तोच, आणि मॉडेलची ॲनोमली मॉडेलच्या स्वतःच्या सरासरीपासून काढा. बहुतेक मॉडेल्समध्ये विषुववृत्तीय पॅसिफिकचा थंड पट्टा गरजेपेक्षा पश्चिमेला सरकलेला असतो. निरीक्षणांची सरासरी वजा केलीत तर ती चूक तुमच्या निर्देशांकात कायमचा एल निनो किंवा ला निना होऊन बसेल.

वजन. पेटीच्या सरासरीला अक्षांशाचा कोसाइन, ईओएफला कोसाइनचं वर्गमूळ. ईओएफमध्ये वर्गमूळ का, तर कोव्हेरिअन्समध्ये ग्रिडच्या प्रत्येक चौकटीचं वजन दोनदा गुणलं जातं. निनो ३.४ मध्ये वजन विसरलं तरी काही कळणार नाही, विषुववृत्तावर कोसाइन एकच असतो. एनएओमध्ये २० ते ८० उत्तर अक्षांश येतात. ६० वर कोसाइन ०.५, ८० वर जेमतेम ०.१७. तिथे वजनाशिवायचा ईओएफ म्हणजे आर्क्टिकच्या काठावरच्या चिमुकल्या चौकटींची मनमानी.

बर्फ. हॅडआयएसएसटी या समुद्र-तापमानाच्या दुसऱ्या डेटासेटमध्ये पूर्ण बर्फाच्छादित चौकटीत तापमानाच्या जागी -१००० असतं. ते मास्क केलं, म्हणजे गाळलं, नाही तर निनो ३.४ ला ढिम्म फरक पडत नाही. पण पीडीओसाठी जगाची सरासरी वजा करायला जाल तेव्हा ती सरासरी दर हिवाळ्यात पाताळात जाते. आलेखात हे ओळखणं सोपं: ॲनोमलीत ठरावीक महिन्यांनाच दातेरी करवत दिसते. ईआरएसएसटीत हा प्रकार नाही, तिथे तापमान -१.८ च्या खाली जातच नाही. म्हणून एका डेटासेटवर चाललेला कोड दुसऱ्यावर मुकाट्याने बिनसतो. तसंच अक्षांशांची दिशा. हॅडआयएसएसटीची फाइल उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते, ईआरएसएसटीची उलट. एक्सअरे या पायथन लायब्ररीत -५ ते ५ असा तुकडा मागितला की पहिल्या फाइलवर रिकामं उत्तर येतं, तेही तक्रार न करता. रेखांश एकीकडे -१८० ते १८०, दुसरीकडे ० ते ३६०.

चौकटींच्या कडा. ईआरएसएसटी दोन अंशांची, मध्यबिंदू सम अंशांवर. अक्षांशात -४ ते ४ असे पाच मध्यबिंदू मिळतात आणि पेटी बरोब्बर भरते. रेखांशात १९० ते २४० मागितलेत की २६ स्तंभ येतात, कारण दोन्ही टोकांच्या चौकटी अर्ध्या बाहेर असतात. आकड्यात फरक नगण्य. पण दशांशाच्या दुसऱ्या स्थानापर्यंत जुळवायला बसलात तर इथेच रात्र जाईल, म्हणून सांगून ठेवतो.

प्रमाण विचलन काढताना पायथनचं नमपाय n ने भागतं, पांडाज n-१ ने. महिनावार तीस वर्षांच्या आकड्यांवर हा फरक पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. मोठा नाही, पण लेखात दोन्ही मिसळलेलं बघवत नाही.

आणि सरकती सरासरी मध्यावर ठेवायची. पांडाज आणि एक्सअरे दोन्हींत न सांगता मिळते ती मागच्या महिन्यांची असते. तीन महिन्यांच्या सरासरीत मालिका एक महिन्याने उशिरा धावते, अकरा महिन्यांच्या सरासरीत पाच महिन्यांनी, आणि मग कुणीतरी त्यावरून "मॉडेलमध्ये पॅसिफिक आधी, हिंदी महासागर नंतर" असा शोध लावतं.

---

दशांश_चिन्ह

समदाबराव, बहुतेक पटलं, एका ठिकाणी अडतो. माझं काम ऋतुमानाच्या अंदाजाचं. आमच्याकडे छापील मालिका नुसती कोड तपासायला नसते, तिच्यावर निर्णय घेतले जातात. एखाद्या संस्थेने "डीएमआय +०.४ च्या वर गेला" म्हटलं की पुढची सगळी साखळी त्या ०.४ ला बांधलेली असते. मी माझ्या कृतीने ०.३७ काढून बसलो तर मी शास्त्रीयदृष्ट्या शुद्ध, आणि बाकी सगळ्यांशी विसंगत. म्हणून ढगवेडी, तुमच्या लेखाचा निष्कर्ष कुणी अंदाजासाठी वापरणार असेल तर एक परिशिष्ट ठेवा: तुमची मालिका आणि प्रचलित मालिका यांचा सहसंबंध, आणि ठरलेल्या रेघा ओलांडणारी वर्षं कुठे वेगळी निघतात ते.

एसओआय, म्हणजे हवेच्या दाबावरून काढलेला एल निनोचा निर्देशांक, वापरणारे यात नेहमी फसतात. ताहिती वजा डार्विन एवढंच ना, म्हणतात. ऑस्ट्रेलियाची रीत ट्रूपची: आधी दाबांचा फरक, मग त्याची ॲनोमली, त्या महिन्याच्या प्रमाण विचलनाने भाग, वर गुणिले १०. सीपीसी आधी ताहिती आणि डार्विन वेगवेगळे प्रमाणित करतं, मग वजाबाकी, मग पुन्हा भागाकार. एकाच महिन्यात इकडे -७ आणि तिकडे -०.७ दिसलं तर निव्वळ दहापटीचा खेळ समजू नका, दोन्ही आकडे जवळपासचे असतात, तंतोतंत तेच नसतात. आणि दोन्हींना एल निनोत उणे चिन्ह असतं, हे नव्या माणसाला प्रत्येक वेळी सांगावं लागतं.

---

ढगवेडी

@समदाब, @दशांश_चिन्ह, दोघांचेही आभार. -१००० चं वाचून लगेच फाइल उघडून पाहिली. माझ्या मास्कमध्ये ते आधीच गळत होतं, कारण मी -२ च्या खालचं सगळं काढते. पण ते कशामुळे येतं हे आत्ता कळलं.

ट्रेंडचं मात्र अजून सुटलेलं नाही. माझ्या विभागात दोन तट आहेत. एक म्हणतो सरळ रेष काढा, सगळे तेच करतात. दुसरा म्हणतो जगाची सरासरी वजा करा.

---

समदाब

सरळ रेष नको. पृथ्वी सरळ रेषेत तापलेली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर वाढ थबकली होती, १९७० च्या दशकानंतर वेग धरला. अशा वाकलेल्या रेघेतून सरळ रेष काढली की मागे उरतं ते सुरुवातीला वर, मधे खाली, शेवटी पुन्हा वर. साठ-सत्तर वर्षांचा डौलदार झोका! त्यातला नैसर्गिक किती आणि वजाबाकीतून आलेला किती हे त्या मालिकेवरून सांगताच येत नाही. तुमची पहिली रेघ शेवटी वर झेपावते ती याचमुळे.

जगाची सरासरी वजा करणं बरं, पण फुकट नाही. त्या सरासरीत अटलांटिक स्वतः आहे आणि पॅसिफिकही आहे. मोठ्या एल निनोत जगाची सरासरी वाढते, ती वजा झाली की एएमओत एल निनो उलट्या चिन्हाने उतरतो. दशकांच्या पातळीवर गाळलंत तर हे बरंचसं विरतं, महिनावार आकड्यांवर विसंबलात तर नाही.

मॉडेलच्या बाजूला तुमच्याकडे एक वरकड सोय आहे. एकाच मॉडेलचे बरेच रन असतील तर त्यांची सरासरी म्हणजे बाहेरून लादलेला भाग: हरितगृह वायू, एरोसॉल, ज्वालामुखी. ती वजा केली की उरतो तो त्या मॉडेलचा स्वतःचा झोका. मोह होतो की मॉडेलला ही रीत लावावी आणि निरीक्षणांना दुसरी. तो मोह आवरा. निरीक्षणांचा रन एकच आहे, तिथे हे करता येत नाही. म्हणून मुख्य तुलनेत दोन्हीकडे जगाची सरासरी वजा करा, आणि रनांची सरासरी वजा करून फक्त एवढं तपासा की सोप्या रीतीने मॉडेलच्या झोक्यात लादलेला भाग किती शिल्लक राहतो. एएमओ हा मुळात आतला झोका आहे की एरोसॉलची करणी, यावर अजून भांडणं चालू आहेत. तुमची रीत त्यात नकळत एका बाजूने साक्ष देणारी नको.

एल निनोवाल्यांनीही हाच मार्ग धरलाय. व्हॅन ओल्डेनबोर्ग आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये सापेक्ष निनो ३.४ मांडला. पेटीच्या ॲनोमलीतून २० उत्तर ते २० दक्षिण या उष्ण कटिबंधाची सरासरी ॲनोमली वजा करायची, आणि वजाबाकीने आकसलेला पसारा मूळ निर्देशांकाइतका होईल असं गुणून घ्यायचं. २०२३-२४ चा एल निनो ओएनआयवर २.० पर्यंत गेला, सापेक्ष मोजणीत तो सुमारे अर्ध्या अंशाने उतरतो. पाऊस पाडणाऱ्या वातावरणाला सगळीकडचं पाणी एकदम तापलं याने फरक पडत नाही, शेजारच्यापेक्षा कुठलं जास्त तापलं याने पडतो. तुमच्या कामात दोन्ही काढा. वेळ काहीच लागत नाही.

---

जुनी_नोंद

एक भर घालतो. १९०० पासूनचा काळ घेताय, पण विषुववृत्तीय पॅसिफिकवर १९५० आधी जहाजं विरळ. १९१४ मध्ये पनामा कालवा उघडल्यावर मार्ग बदलले, दोन्ही महायुद्धांत नोंदी आटल्या. ओएनआयची यादी १९५० पासूनच सुरू होते. ईआरएसएसटी आणि हॅडआयएसएसटी दोन्ही रिकाम्या जागा आकृत्यांच्या साहाय्याने भरतात, आणि त्या आकृत्या चांगल्या नोंदींच्या काळातून शिकलेल्या असतात. अशा भरलेल्या डेटावर ईओएफ चालवला की भरताना घातलेलंच थोडंफार परत मिळतं. आकृती १९५० नंतरच्या काळावरून ठरवा आणि मागचा काळ तिच्यावर प्रोजेक्ट करा (म्हणजे ती आकृती तेव्हा किती जोरात उमटली ते मोजा). डेटासेट निदान दोन घ्या. दोन निरीक्षणांमधला फरक हीच मॉडेलला माफ करायची किमान मर्यादा.

---

ढगवेडी

@जुनी_नोंद, प्रोजेक्शनचा उल्लेख केलात तर त्यावरच शेवटचं विचारते. मॉडेल्सचा ईओएफ त्यांच्या त्यांच्या डेटावरून काढतेय. दोन मॉडेल्समध्ये उत्तर पॅसिफिकचा पहिला ईओएफ पीडीओसारखा दिसतच नाही, दुसरा दिसतो. एकात चिन्ह उलटं आहे. तिथे दुसरा उचलून "हाच पीडीओ" म्हणू का?

आणि प्रमाण विचलनाने भागून सगळ्या मालिका एका पट्टीत आणल्यात, ते ठीक ना?

---

समदाब

चिन्हाचं काही मनावर घेऊ नका. ईओएफला चिन्ह नसतं, गणित जे देईल ते देतं. कोडमध्येच एक अट घाला: अलास्काच्या आखाताची बाजू उबदार आली तर धन, नाहीतर आकृती आणि मालिका दोन्हींना उणे एकने गुणा. डोळ्यांनी बघून हाताने उलटवू नका, पन्नासाव्या रनला हात चुकतोच.

दुसरा ईओएफ उचलणं मला रुचत नाही. आज दुसरा उचलाल, उद्या पहिल्या-दुसऱ्याची मिसळ असलेलं मॉडेल येईल, तेव्हा काय कराल? त्याऐवजी निरीक्षणांची आकृती एकदा ठरवा, सगळ्या डेटासेटना एकाच ग्रिडवर आणा, आणि प्रत्येक मॉडेलच्या ॲनोमली त्याच आकृतीवर प्रोजेक्ट करा. पीसीएमडीआय या अमेरिकी मॉडेल-तुलना गटातले लोक याला सामाईक बेसिस म्हणून वापरतात. यात ईओएफच्या क्रमांकाचा प्रश्नच येत नाही, चिन्हाचा येत नाही, आणि डेटा वाढला म्हणून जुने आकडेही हलत नाहीत. मॉडेलची स्वतःची आकृती वेगळी का, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि चांगला प्रश्न आहे. त्यासाठी दोन्ही आकृत्यांचा सहसंबंध वेगळ्या तक्त्यात द्या.

एनएओलाही हेच. मॉडेलला लिस्बन नसतं, सर्वात जवळची चौकट असते, आणि मॉडेलचा आइसलँडचा न्यूनदाब दोनशे मैल सरकलेला असला तर स्थानकांची रीत त्या सरकण्याची शिक्षा जोराला देते. उन्हाळ्यात तर निरीक्षणांतही केंद्रं सरकतात, तुमच्या चार मालिका तेव्हा फाकतात त्या याचमुळे. ऋतूनिहाय आकृती घ्या. हिवाळ्याच्या आकृतीवर उन्हाळा प्रोजेक्ट करू नका. डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारीला जानेवारीचं वर्ष द्या आणि पहिल्या वर्षाचा अर्धवट हिवाळा टाकून द्या.

भागाकाराबद्दल मात्र थांबा. प्रत्येक मालिकेला तिच्याच प्रमाण विचलनाने भागलंत की सगळ्या मालिकांचा पसारा एक होतो, आणि मॉडेलची सर्वात ठळक चूक तिथेच पुसली जाते. डीएमआयमध्ये हे उघड दिसतं. साजी आणि सहकाऱ्यांची १९९९ ची व्याख्या: पश्चिम पेटी ५० ते ७० पूर्व आणि १० दक्षिण ते १० उत्तर, वजा पूर्व पेटी ९० ते ११० पूर्व आणि १० दक्षिण ते विषुववृत्त. बऱ्याच मॉडेल्समध्ये हा झोका निरीक्षणांपेक्षा जोरात असतो. भागाकार केलात की एक अंशाचा झोका आणि अर्ध्या अंशाचा झोका एकाच उंचीचे दिसतात आणि मॉडेल उत्तम ठरतं. पेटीचे निर्देशांक अंशांतच ठेवा. ईओएफच्या मालिकांना भागायचंच असेल तर सगळ्यांना निरीक्षणांच्या प्रमाण विचलनाने भागा, म्हणजे ज्या मॉडेलचा पसारा १.४ येईल त्याचा १.४ दिसेल.

---

दशांश_चिन्ह

भागाकाराच्या मुद्द्याला दहा वेळा +१. डीएमआयच्या दोन्ही पेट्यांच्या मालिका वेगवेगळ्याही जपून ठेवा, फक्त फरक नको. पश्चिम आणि पूर्व सारख्या वेगाने तापत नाहीत, आणि तो वेग डेटासेटागणिक बदलतो. फरकात ट्रेंड दिसला तर तो कुठल्या पेटीतून आला हे मागाहून शोधायला सगळं परत चालवावं लागतं.

---

ढगवेडी

ठीक. मग असं करते. निरीक्षणांसाठी ईआरएसएसटी आणि हॅडआयएसएसटी दोन्ही, सगळं दोन अंशांच्या ग्रिडवर, बेस १९५१–१९८०, आकृत्या १९५० नंतरच्या निरीक्षणांवरून. ट्रेंडसाठी दोन्हीकडे जगाची सरासरी वजा. पेट्यांचे आकडे अंशांत. मँटुआंच्या कृतीने पीडीओ काढून छापील मालिकेशी ताडणं हे पहिलं काम. परिशिष्टात प्रचलित मालिकांशी सहसंबंध. जगाच्या सरासरीसाठी ६० दक्षिण ते ६० उत्तर घेतलं तर चालेल का? बर्फाची भानगड बरीच टळेल.

---

समदाब

चालेल, सीव्हीडीपीतही तेवढाच पट्टा घेतात. फक्त मँटुआंशी ताडताना तो पट्टा वापरू नका, तिथे त्यांची कृती जशीच्या तशी. आणि दोन अंशांवर आणताना मॉडेलचा जमिनीचा मास्क आधी लावा, मग ग्रिड बदला. उलट केलंत तर किनाऱ्यालगतच्या चौकटींत जमिनीचं तापमान मिसळतं आणि डीएमआयची पूर्व पेटी सुमात्राला अगदी खेटून आहे.